एसआर व्हायचंय? 200 ते 600 किलोमीटरची तयारी अशी करा

एकाच हंगामात 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या चार बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) वेळेत पूर्ण केल्या की सायकलस्वार ‘सुपर रँदोनर’ म्हणजेच एसआर होतो. हंगाम 1 नोव्हेंबर ते 31 ऑक्टोबर. ही शर्यत नाही, इथे नंबर काढत नाहीत. वेळेची मर्यादा अनुक्रमे साडेतेरा, 20, 27 आणि 40 तास.

आधी हिशेब करा. थांबे धरून ताशी 15 किलोमीटरची सरासरी पुरते. ताशी 20 ने चालवलं तर 200 किलोमीटरला दहा तास लागतात आणि साडेतीन तास हातात राहतात. पंक्चर, जेवण, चहा, फोटो सगळं त्यातच. माझ्या मते नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो ढाब्यावर. म्हणून वेग वाढवण्याआधी थांबे आवरायला शिका. प्रत्येक कंट्रोलची (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणाची) बंद होण्याची वेळ कागदावर लिहून हँडलला चिकटवा. सकाळी सहाला निघालात तर 100 किलोमीटरचा कंट्रोल 12.40 ला बंद होतो. कंट्रोलवर माणूस नसेल तर आयोजकांनी सांगितलेला पुरावा, बहुधा एटीएमची स्लिप किंवा दुकानाचं बिल, सांभाळून ठेवा.

सराव. पहिल्या 200 साठी तीन महिने द्या. आठवड्यात दोन छोट्या राइड आणि रविवारी एक लांब राइड: 50, 70, 90 करत 130 पर्यंत. तेवढं अंतर कापून दुसऱ्या दिवशी नीट कामाला जाता आलं की नाव नोंदवा. पुण्याकडचे असाल तर खंबाटकी आणि नाशिककडचे असाल तर कसारा घाट सरावात हवाच.

सायकल आणि बसणं. महागडी सायकल लागत नाही, मापाची लागते. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला नेलं की गुडघा सरळ व्हायला हवा, ही सीटची साधारण उंची. पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंडरवेअर घालू नका. शिवण घासते आणि 150 नंतर बसवत नाही. वाटेत बाहेरची मदत घेता येत नाही (कंट्रोलवर चालते), त्यामुळे पंक्चर काढणं, ट्यूब बदलणं आणि तुटलेली चेन जोडणं घरीच पाच-सहा वेळा करून पाहा.

खाणं. भूक लागायची वाट पाहू नका. दर पाऊण तासाला केळं, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू असं काहीतरी तोंडात टाका. दुपारी भरपेट मिसळ खाऊन उन्हात सायकल चालवणं महागात पडतं. दहीभात, ताक बरं. घाम फार येत असेल तर नुसतं पाणी पिऊ नका, ओआरएस घ्या.

रात्र. खरी परीक्षा 400 ची. हेल्मेट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, पुढचा-मागचा दिवा आणि दोन्हींना पुरेल इतकी बॅटरी. मागचा दिवा मी दोन लावायला सांगेन. एक बंद पडला तर ट्रकवाल्याला तुम्ही दिसलंच पाहिजे. त्याआधी एक रात्र सोबत्याबरोबर चालवून पाहा.

600 ला झोप. शनिवारी सकाळी सहाला सुटलात आणि मध्यरात्री दोनला 350 किलोमीटरवर पोहोचलात, असं धरू. त्या अंतराच्या कंट्रोलची मुदत पहाटे 5.20 ला संपते. म्हणजे तीन तास वीस मिनिटं शिल्लक. त्यातले अडीच तास झोपा. खोली आधीच ठरवून ठेवा, गजर दोन लावा. मात्र पेडल मारता मारता डोळे मिटू लागले तर हिशेब बाजूला ठेवा, पेट्रोलपंपावर वीस मिनिटं आडवे व्हा. तरी जमेना तर डीएनएफ घ्या, म्हणजे राइड तिथेच सोडा.

त्यापुढे. दर चार वर्षांनी होणाऱ्या सुमारे 1200 किलोमीटरच्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिससाठी त्याच वर्षीच्या हंगामात एसआर व्हावं लागतं. गेल्या वेळची, 2023 ची, नोंदणी आदल्या वर्षी लांब अंतर केलेल्यांना आधी खुली झाली होती. पुढची 2027 ला आहे. तेव्हा 2026 च्या हंगामात जमेल तेवढी मोठी ब्रेव्हे, म्हणजे अशीच लांब पल्ल्याची राइड, पदरात पाडून घ्या.