पहिला चेंडू मारावा की सोडावा?
शालेय सॉफ्टबॉलमध्ये ‘पहिला चेंडू नुसता बघ’ असे सरसकट सांगितल्यामुळे मुली मधोमध आलेला सोपा चेंडूही सोडतात आणि दोन स्ट्राइक (मारण्याजोगा चेंडू सोडला किंवा मारताना हुकला की एक स्ट्राइक; तीन झाल्या की बाद) झाल्यावर धास्तीने कशीही बॅट फिरवतात. त्याऐवजी आपल्या पाळीची वाट पाहतानाच पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचे, तीन-चार चेंडू प्लेटवरून (बॅट घेऊन उभे राहतात तिथल्या जमिनीवरील पाटीवरून) कोठून जातात ते न्याहाळावे, स्वतःच्या हातची एकच जागा, उदाहरणार्थ कमरेच्या उंचीवर प्लेटच्या मध्यावर, मनाशी ठरवावी आणि पहिला चेंडू नेमका तेथे आला तरच पूर्ण ताकदीने मारावा. अन्यथा तो स्ट्राइक असला तरी निःशंकपणे सोडावा. मात्र पिचरने आधीच्या खेळाडूला चार ‘बॉल’ (मारण्याच्या कक्षेबाहेरून गेलेले, न मारलेले चेंडू) टाकून पहिला बेस बहाल केला असेल, तर एक स्ट्राइक पडेपर्यंत थांबणेच मला योग्य वाटते.