‘सरळ रूप द्या’ हा प्रश्न शिकवताना

सहावी ते आठवीच्या वर्गांना नव्याने गणित शिकवू लागलेल्या शिक्षकांनी बैजिक राशींच्या, म्हणजे ३क्ष + ५ सारख्या अक्षरे आणि संख्या मिळून झालेल्या राशींच्या धड्याला घाई करू नये, असे अनेक वर्षांच्या अध्यापनानंतर मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कारण समीकरणे, विस्तारसूत्रे आणि अवयव हे पुढचे सारे घटक याच पायावर उभे असतात आणि येथे राहिलेला कच्चेपणा दहावीपर्यंत मुलांची पाठ सोडत नाही.

वह्यांत वारंवार आढळणारी चूक म्हणजे ३क्ष + ५ चे उत्तर ८क्ष असे लिहिणे. यामागे निष्काळजीपणा नसतो. पहिलीपासून मुलांच्या लेखी बेरजेचे उत्तर ही एकच संख्या असते, त्यामुळे अधिकचे चिन्ह तसेच ठेवून थांबले, की गणित अर्धवट राहिले असे त्यांना वाटते. सजातीय पदांचीच, म्हणजे तीच अक्षरे त्याच घातांकासह असलेल्या पदांचीच बेरीज होते, हा नियम नुसता फळ्यावर लिहून ही समजूत जात नाही. काही जण तीन आंबे आणि दोन बोरे मिळवता येत नाहीत, असे सांगून तो नियम पटवतात. मला ही पद्धत घातक वाटते. अक्षर वस्तूच्या नव्हे, तर संख्येच्या जागी आलेले असते. ३अ म्हणजे तीन आंबे असे एकदा मनात बसले, की अ² किंवा अब यांचा अर्थच लावता येत नाही.

त्याऐवजी मी किंमत ठेवून पाहायला लावतो. सरळ रूप देताना, म्हणजे राशी शक्य तितकी थोडक्यात लिहिताना तिचे रूप बदलते, किंमत बदलत नाही. म्हणून चलाच्या, म्हणजे क्ष सारख्या अक्षराच्या जागी कोणतीही संख्या ठेवली तरी मूळ राशी आणि उत्तर यांची किंमत सारखीच यायला हवी. क्ष = ५ घेतल्यास ३क्ष + ५ ची किंमत २० येते आणि ८क्ष ची ४०, म्हणजे चूक विद्यार्थ्यालाच दिसते. ७क्ष − क्ष = ७ असे लिहिणाऱ्यालाही ३५ मधून ५ गेल्यावर ३० उरतात, हे लगेच कळते. सुरुवातीला मात्र ३ × क्ष असेच लिहून घ्यावे, नाहीतर क्ष = ५ ठेवताना काही मुले ३क्ष ची किंमत ३५ सांगतात.

पडताळणीची संख्या निवडताना शिक्षकाने फार जपावे. क्ष = १ घेतला तर ३क्ष + ५ आणि ८क्ष या दोन्हींची किंमत ८ येते आणि चुकीचे उत्तर बरोबर ठरते. क्ष + क्ष = क्ष² ही चूक ० आणि २ या दोन्ही किमतींना लपून राहते, आणि मुले सोपे म्हणून नेमक्या याच संख्या घेतात. त्यामुळे ५ किंवा ७ घ्यायची सवय लावावी. किंमत जुळली नाही, तर उत्तर नक्की चुकले. पण एका संख्येला जुळली म्हणून ते बरोबर आहे असे सिद्ध होत नाही, हा भेद सातवीच्या मुलांना समजतो आणि तो समजावून सांगण्यात गेलेली तासिका वाया जात नाही.

कंसाआधी वजा चिन्ह आले, की चुकांचे प्रमाण वाढते. येथे अक्षरे बाजूला ठेवून १०० − (३० − ४) हे उदाहरण द्यावे. कंस आधी सोडवला तर ७४ मिळतात, १०० − ३० − ४ केले तर ६६. ३० ऐवजी २६ च वजा करायचे होते, म्हणून जास्तीचे गेलेले ४ परत मिळवावे लागतात. शून्यातून ऋण वजा केले की धन मिळते, हा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात दिला आहे. तो वर्गात जरूर सांगावा. २(क्ष + ४) मधील २ ने दोन्ही पदांना गुणायचे असते, हे आयताच्या क्षेत्रफळाच्या आकृतीने चटकन पटते.

समीकरणे शिकवून झाल्यावर जुनी उदाहरणे पुन्हा द्यावीत, कारण तेव्हा ४क्ष + ८ ला सरळ रूप देताना काही मुले ४ ने भागून क्ष + २ लिहितात, तर काही थेट क्ष = −२ लिहून मोकळी होतात. अशी चुकीची उत्तरे आयती देऊन ती कोणत्या संख्येला उघडी पडतात, हे शोधायला सांगणे हा मला या धड्यातील सर्वांत उपयोगी स्वाध्याय वाटतो.