थॅलेसेमिया: सोनोग्राफीच्या आधी आई-वडिलांचे रक्त

पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणजे बाळाला रक्ताचा आनुवंशिक आजार नाही, असा समज पुण्यातल्या शिकलेल्या घरांतही आढळतो. बीटा थॅलेसेमिया किंवा सिकल सेलबाबत तो खरा नाही. या आजारांत हिमोग्लोबिनचा, म्हणजे रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनाचा, ‘बीटा साखळी’ हा घटक बिघडतो आणि गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये ही साखळी जवळजवळ नसतेच. म्हणून पोटातले बाळ सुदृढ दिसते आणि थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा गंभीर प्रकार, बहुधा जन्मानंतर सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान उघड होतो.

म्हणून सुरुवात रक्तापासून करावी. शक्य तर लग्नाआधी, नाहीतर दिवस राहिल्याचे कळताच. साध्या सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या तपासणीत) एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ८० पेक्षा किंवा एमसीएच (पेशीतले सरासरी हिमोग्लोबिन) २७ पेक्षा कमी असेल, तर लोहाच्या गोळ्यांवर न थांबता हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी तपासणी करून घ्यावी. तीत हिमोग्लोबिन ए२ साधारण ३.५ टक्क्यांहून अधिक आले, तर ती व्यक्ती वाहक, म्हणजे थॅलेसेमिया मायनर (स्वतः आजारी नसली तरी दोष पुढे देऊ शकणारी), मानली जाते. लोहाची कमतरता तीव्र असेल तर हा आकडा खाली येऊन फसवतो, त्यामुळे दोन्ही रिपोर्ट एकत्रच दाखवावेत. सिंधी, पंजाबी आणि लोहाणा समाजांत वाहक अधिक आढळत असल्याने पिंपरी कॅम्पातल्या कुटुंबांनी हे विशेष मनावर घ्यावे, मात्र इतरांनीही निर्धास्त राहू नये. पत्नी वाहक निघाल्यास पतीची तपासणी त्याच आठवड्यात व्हावी. गरोदरपणाच्या साऱ्या तपासण्या बाईच्याच, या आपल्या सवयीपायी मोलाचे दिवस वाया जातात.

दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर असण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा वेळी दोघांचा जनुकीय दोष नेमका कोणता, हे आधी शोधून ठेवावे लागते. त्यावाचून गर्भाच्या नमुन्यात काय पाहायचे तेच ठरत नाही. मग साधारण ११ ते १४ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म अंश किंवा १६ आठवड्यांच्या सुमारास गर्भजल काढून डीएनए तपासतात. सोनोग्राफीचे खरे काम येथे आहे: गर्भाचे वय ठरवणे, वारेची जागा पाहणे आणि सुई कोठे आहे ते सतत दाखवत राहणे. अनुभवी हातांत यातून गर्भपात होण्याचा धोका १ टक्क्याहून कमी असतो, तरी तो समजून घेऊनच संमतीपत्रावर सही करावी.

अल्फा थॅलेसेमियात बिघडणारी अल्फा साखळी गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्येही असते, त्यामुळे त्याच्या सर्वांत गंभीर प्रकारात मात्र सोनोग्राफी बोलते. गर्भाचे हृदय मोठे दिसते, वार जाड होते, पुढे अंगात पाणी साठते. आणि डॉप्लरवर (रक्तप्रवाहाचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीत) मेंदूच्या रक्तवाहिनीतला वेग त्या आठवड्याच्या मध्यम वेगाच्या दीडपटीहून अधिक झाला, तर ॲनिमियाची शंका घेतात. हा प्रकार आग्नेय आशियात अधिक, आपल्याकडे विरळ आहे.

लिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याने रक्ताच्या या आजारांसाठी गर्भतपासणीला मुभा दिली आहे. त्यासाठी या कायद्याखालील नोंदीचा ‘एफ फॉर्म’ भरावा लागतो आणि लिंग सांगितले जात नाही. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, त्यापुढे अटी वाढतात. त्यामुळे नमुना देण्यापूर्वीच रिपोर्ट किती दिवसांत मिळेल ते विचारून घ्यावे.