बाँडिंग आहे, तरी नेट अडकतं?

यवतमाळकडच्या एका जिनिंगात ऐन हंगामात हे पाहिलं. लिनक्स सर्व्हरपासून वजनकाट्यापर्यंत दोन रस्ते, एक फायबर, एक रेडिओ, अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप बाँडिंग. बाँडिंग म्हणजे दोन्ही जोडण्या मिळून एकच; या प्रकारात एक चालू, ती पडली की दुसरी. तरी वीज गेली की काट्याची पावती अडकायची, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग.

आधी सर्व्हरवर /proc/net/bonding/ या फोल्डरातली बाँडच्या नावाची फाइल वाचा. एमआयआय पोलिंग इंटरव्हल (नेटवर्क कार्डाची लिंक किती वेळाने तपासायची) ० असेल आणि एआरपी तपासणीही (पलीकडच्या आयपीला हाक मारून उत्तर येतं का पाहणं) नसेल, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिंककडे पाहतच नाही. १०० मिलिसेकंद ठेवा.

इथे १०० होताच. घोळ काट्याजवळच्या खोक्यात होता: तिथला मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी नेट केबल जोडणारा डबा) इन्व्हर्टरवर नव्हता. तो बंद पडायचा, पण सर्व्हरजवळच्या कन्व्हर्टरचा हिरवा दिवा मस्त चालू. एमआयआयला फक्त जवळचं टोक दिसतं, म्हणून स्टेटस ‘अप’!

अशा वेळी एमआयआय काढून एआरपी इंटरव्हल १००० मिलिसेकंद द्या आणि टार्गेट म्हणून काट्याच्या कॉम्प्युटरचा आयपी. (८०२.३एडी या बाँडिंगच्या दुसऱ्या प्रकाराला, ज्यात दोन्ही लिंक एकदम वापरतात, हे चालत नाही.)

तपासताना सर्व्हरची केबल उपटू नका, ती चाचणी पास होणारच. पलीकडच्या कन्व्हर्टरची विजेची पिन काढा आणि त्या फाइलीत ‘करंटली अ‍ॅक्टिव्ह स्लेव्ह’ (सध्या चालू असलेली जोडणी) बदलतो का ते पाहा.