लिक्समध्ये बरोबरची चिन्हं एका रेषेत कशी आणावीत

लिक्स (LyX) या दस्तऐवज लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये गणित पायरीपायरीने सोडवून दाखवताना प्रत्येक ओळीतलं = वरच्या = च्या नेमकं खाली यायला हवं. स्पेसबारने हे जमत नाही. गणिताच्या चौकटीत तो दाबला की जागा सुटत नाही, कर्सर तेवढा पुढे सरकतो.

'इन्सर्ट' मेनूत 'मॅथ'मधून 'एएमएस अलाइन एन्व्हायर्नमेंट' निवडा. शेजारीशेजारी दोन चौकोन येतात. डाव्यातला मजकूर उजवीकडे चिकटतो, उजव्यातला डावीकडे. या दोन चौकोनांमधली शिवण म्हणजेच ओळी जुळण्याची जागा, म्हणून = नेहमी उजव्या चौकोनात, अगदी सुरुवातीला टाका. इथे उभी रेघ म्हणजे शिवण (अक्षरं मराठीत दाखवली आहेत, प्रत्यक्षात रोमन टाइप करा):

(अ + ब)² | = (अ + ब)(अ + ब)
 | = अ² + २अब + ब²

घातांक लिहून झाला की उजव्या बाणाने त्यातून बाहेर या, टॅबने पुढच्या चौकोनात जा. नवी ओळ कंट्रोल-एंटरने.

= डाव्या चौकोनाच्या शेवटी टाकलं तरी ओळी जुळलेल्या दिसतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पण पीडीएफमध्ये = पुढच्या पदाला खेटतं. चिन्हाच्या दोन्ही बाजूंची जागा शेजारच्या पदांवरून ठरते, आणि चौकोनाच्या शेवटी शेजारी कुणी उरतच नाही. जुन्या फायलींतल्या ईक्यूएनअ‍ॅरेमध्ये (समीकरणं जुळवण्याच्या जुन्या रचनेत) उलट होतं: तिथे = ला मधला स्वतंत्र स्तंभ असतो आणि दोन्हीकडे जरुरीपेक्षा जास्त जागा सुटते. नव्या कामात ते वापरूच नका.

ओळीपुढे कारण लिहायचं असेल तर 'एडिट'मधल्या 'रोज अँड कॉलम्स'मधून एक नव्हे, दोन स्तंभ वाढवा. अलाइनमध्ये स्तंभ जोडीने चालतात. तिसरा पुन्हा उजवीकडे चिकटणारा असतो. तो रिकामा सोडून कारण चौथ्यात लिहा, म्हणजे सगळी कारणं डावीकडून एका रेषेत येतील.

लांब कंस दोन ओळींत तुटत असेल तर आपोआप वाढणारे कंस चालत नाहीत. अशी जोडी एकाच चौकोनात उघडून तिथेच बंद व्हावी लागते. डेलिमिटरच्या (कंस निवडण्याच्या) खिडकीत ठरावीक आकार निवडा आणि दोन्ही कंस सुटेसुटे टाका.

क्रमांक हवा त्या ओळीवर कर्सर ठेवून 'एडिट', 'मॅथ', 'नंबर धिस लाइन'. संदर्भासाठीचं लेबलही त्याच ओळीवर असताना टाका. सगळ्या ओळींना मिळून एकच क्रमांक हवा असेल तर साधं डिस्प्ले सूत्र (स्वतंत्र ओळीत येणारं) घेऊन त्याच्या आत 'अलाइन्ड एन्व्हायर्नमेंट' टाका. क्रमांक उभ्या मध्यावर येतो. मात्र अलाइन्ड पानाच्या शेवटी तुटत नाही. लांबलचक सिद्धतेसाठी बाहेरचं अलाइनच ठेवा आणि प्रीअ‍ॅम्बलमध्ये (दस्तऐवजाच्या सुरुवातीच्या आज्ञांच्या भागात) बॅकस्लॅश देऊन 'अलाउडिस्प्लेब्रेक्स' ही आज्ञा, रोमन लिपीत, सगळी अक्षरं जोडून लिहा. नाहीतर अख्खं समीकरण पुढच्या पानावर उडी मारतं आणि मागे अर्धं पान कोरं राहतं.