गाडीच्या मागे एलईडी पट्टी लावताना या चुका टाळा

डिकीच्या कडेला लाल एलईडीची पट्टी लावायची हौस मला समजते. नीट बसवली तर ती छान दिसते, शिवाय धुक्यापावसात मागच्याला गाडी लवकर दिसते. पण अशी पट्टी लावलेल्या ज्या गाड्या माझ्याकडे वायरिंगच्या कामाला येतात, त्यांत बिघाड फिरून फिरून तेच. बहुतेक सगळे ‘पंधरा मिनिटांत बसवा’ छापाचे व्हिडिओ बघून केलेले. मागच्या दिव्यांत हात घालताय, तर आधी एवढं ध्यानात घ्या की तुम्ही ब्रेक दाबलाय हे मागच्या ड्रायव्हरला फक्त त्या दिव्यांवरून कळतं.

टेल आणि ब्रेकच्या वायरी एकत्र पिळणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात वाईट चूक ही. साध्या पट्टीला दोनच वायरी असतात, प्लस आणि मायनस. रात्रीही पट्टी पेटायला हवी आणि ब्रेक दाबल्यावरही पेटायला हवी, म्हणून पोरं टेललॅम्पची आणि ब्रेकची अशा दोन्ही वायरी सोलतात, पट्टीच्या प्लसला एकत्र पिळतात आणि वरून काळी टेप गुंडाळतात. पट्टी पेटते, फोटो निघतात, काम झालं असं वाटतं.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा गाडी घेऊन आला. म्हणाला, “काका, क्रूझ कंट्रोल दिवसा लागतं, रात्री लागत नाही. सेन्सर गेला असेल असं सांगितलंय, बदलू का?” क्रूझ कंट्रोल म्हणजे पेडल न दाबता गाडीचा वेग कायम ठेवणारी सोय. दिवसा लागतं आणि रात्री नाही, हे ऐकल्यावर मी त्याला विचारलं, “मागे काही लावलंयस का रे?” पार्किंग लाइट चालू करायला सांगून मागे जाऊन बघितलं. पेडलवर कुणाचाही पाय नसताना दोन्ही ब्रेकलाइट आणि काचेवरचा तिसरा दिवा, तिन्ही लख्ख पेटलेले. पिळलेल्या सांध्यातून टेलचा करंट उलटा ब्रेकच्या लाइनमध्ये शिरत होता. त्याच लाइनवरून गाडीच्या ईसीयूला (कंप्युटरला) ब्रेक दाबल्याचं कळतं, त्यामुळे त्याच्या लेखी ब्रेक सतत दाबलेलाच होता आणि तो क्रूझ लागू देत नव्हता. सेन्सर ठणठणीत होता.

पोरगा अशीच गाडी घेऊन रात्री बोरघाट उतरून मुंबईला जाऊन आला होता. घाटात मागच्या ट्रकवाल्याला हा कधी ब्रेक मारतोय ते कळायला काहीही मार्ग नव्हता. क्रूझ बिघडलं म्हणून निदान तो माझ्याकडे आला. ज्यांच्या गाडीला क्रूझ नाही, त्यांना हे कळतच नाही.

दिवसा याच्या उलट होतं. ब्रेक दाबला की पार्किंग लाइट, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचे दिवे पेटतात. नव्या गाड्यांत हे दिवे बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणारा कंप्युटर) चालवतो, आणि असा उलटा करंट शिरून तो गेला तर खर्च पट्टीच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

उपाय साधा आहे. दोन्ही वायरींत एकेक डायोड टाका, तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. डायोडवरचा चंदेरी पट्टा एलईडीच्या बाजूला ठेवा. १एन४००७ एक अँपिअरचा असतो. मी तीन अँपिअरचा १एन५४०८ वापरतो, कारण तो तापत नाही आणि मिळतोही स्वस्तात. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागा.

पण डायोडने अर्धंच काम होतं. रात्री पट्टी आधीच पूर्ण उजेडात पेटलेली असेल, तर ब्रेक दाबल्यावर ती आणखी कुठे वाढणार? म्हणून टेलच्या वायरीत मी करंट कमी करणारा पाच वॅटचा सिमेंट रेझिस्टर टाकतो. सुरुवात ४७ ओहमपासून करतो, मग अंधारात दहा-पंधरा पावलं मागे उभं राहून बघतो. ब्रेक दाबल्यावर फरक एका नजरेत कळत नसेल, तर रेझिस्टर बदलतो. एवढा खटाटोप नको असेल, तर पट्टी फक्त ब्रेकला जोडा. नवशिक्यांना मी हेच सांगतो.

काही छोट्या गोष्टी

बॅटरीवरून थेट वायर ओढलीत तर फ्यूज बॅटरीजवळच हवा, पट्टीजवळ नाही. दोन-तीन अँपिअरचा पुरतो.

पट्टीवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्टच्या वर भरतात. घरातल्या फॉल्स सीलिंगची पट्टी गाडीला लावली की काही महिन्यांत तिचे तुकडे तुकडे बंद पडतात. गाडीसाठी बनवलेली घ्या, नाहीतर मध्ये व्होल्टेज कायम ठेवणारा रेग्युलेटर टाका.

ते निळे क्लिप, ज्यात वायर दाबली की जोड होतो, मी वापरत नाही. कोकणातल्या एका पावसाळ्यात आत हिरवा गंज चढतो. सोल्डर करा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

अर्थिंग, म्हणजे पट्टीची मायनस वायर, रंगवलेल्या पत्र्यावरच्या स्क्रूला देऊ नका. कंपनीने दिलेल्या अर्थ पॉइंटवर थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून द्या.

इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब काढून एलईडी घातला की तो भराभर लुकलुकतो, कारण गाडीला वाटतं बल्ब उडाला. मग लोक ६ ओहमचा लोड रेझिस्टर लावतात. तो चटका बसेल इतका तापतो, म्हणून पत्र्यावर बसवा. बंपरच्या प्लास्टिकला चिकटवाल तर प्लास्टिक वितळेल.

सांधे बंद करायला व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल सिलिकॉन मागून घ्या.

वायर बीडिंगवरून नेणं

हॅचबॅकच्या मागच्या दरवाजावर पट्टी लावायची, तर वायर बॉडीतून दरवाजात न्यावी लागते. बिजागरीपाशी त्यासाठी रबरी बेलो (घड्यांची लवचीक नळी) असतो आणि कंपनीच्या सगळ्या वायरी त्यातूनच जातात. तो काढायचा कंटाळा येतो, म्हणून वायर बीडिंगवरून, म्हणजे दरवाजाच्या चौकटीच्या रबरी पट्टीवरून, सरळ आत घेतली जाते. दरवाजा आपटेल तेव्हा ती चेपते. एक दिवस इन्शुलेशन फाटतं, तांबं पत्र्याला लागतं. फ्यूज असेल तर उडतो, नसेल तर वायर जळते. तोवर वायरीने बीडिंग उचललेलं असतं, तिथून पाणी झिरपतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं. गालिच्याचा कुबट वास येतो म्हणून आलेल्या गाडीत मी आधी बीडिंग तपासतो.

बेलोची दोन्ही टोकं हाताने निघतात, जोर लावायची गरज नसते. जुन्या वायपर ब्लेडमध्ये स्टीलची लांब पातळ पट्टी असते. ती फेकू नका. तिच्या टोकाला वायर टेपने बांधायची, भांडी घासायच्या साबणाचं थोडं पाणी लावायचं आणि बेलोतून हळूच सरकवायची. वायर बारीक तारांची, मऊ घ्या. दरवाजा उघडताना ती रोज वाकणार आहे. आत थोडी ढिली ठेवा आणि शेवटी बेलोची कड पत्र्यात पूर्ण बसली का, ते बोट फिरवून बघा.

रंगाबद्दल

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०८ वा नियम सांगतो की मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दिवा दिसता कामा नये. अपवाद मोजके आहेत, त्यांत पिवळा इंडिकेटर, रिव्हर्सचा आणि नंबरप्लेटचा पांढरा दिवा येतात. निळ्या-जांभळ्या पट्ट्या आणि धावणारे रंग नियमात बसत नाहीत. लाल पट्टी लावली तरी मूळ दिवे आणि रिफ्लेक्टर झाकले जाऊ देऊ नका. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या बदलांबद्दल आहे, तेही वाचून घ्या. निळी पट्टी लावून द्या म्हणणाऱ्याला मी परत पाठवतो.