सरकीच्या तेलाची टाकी न कापता तपासायची तर

जळगावच्या एका तेलगिरणीत मी पहिल्यांदा एकट्याने टाकीच्या पत्र्याची जाडी मोजली, तेव्हा अल्ट्रासॉनिक गेजवर ५.६ मिमी आलं. टाकी ५ मिमी पत्र्याची. शेठनी कागद पाहिला आणि म्हणाले, "काय भो, गंजून पत्रा जाड होतो का?"

चूक रंगाची होती, म्हणजे माझीच. गेज जाडी मोजत नाही, वेळ मोजतं. पत्र्याला टेकवायच्या टोकातून, म्हणजे प्रोबमधून, सुटलेला आवाज पत्र्याच्या आतल्या बाजूवर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून ते आकडा काढतं. स्टीलमध्ये हा आवाज सेकंदाला सुमारे ५,९२० मीटर धावतो, रंगात त्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे अर्धा मिमी रंगाचे थर गेजला सव्वा मिमी स्टीलएवढे वाटतात. खालचा पत्रा प्रत्यक्षात ४.४ च्या आसपास उरला होता.

म्हणून रुपयाच्या नाण्याएवढी जागा खरवडा, पॉलिश पेपर मारा. शेठ रंगाला हात लावू देत नसतील तर इको-टू-इको मोड असलेलं गेज न्या; ते पत्र्यातल्याच दोन प्रतिध्वनींमधलं अंतर धरतं, रंग हिशेबातच येत नाही. मात्र आतून फार खड्डे असतील तर दुसरा प्रतिध्वनी मिळत नाही. मग खरवडण्याला इलाज नाही.

पण मोजायचं कुठे? अख्ख्या टाकीवर प्रोब फिरवत बसलात तर दिवस जाईल. आदल्या संध्याकाळी थर्मल कॅमेरा घेऊन जा. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन टाकी दिवसभर तापवतंच, वेगळा हीटर लागत नाही. सूर्य कलला की वरचा रिकामा पत्रा झटकन निवतो, तेलाचा भाग गरम राहतो. तळाचा गाळ तेलासारखा हलत नाही, त्यामुळे त्याचा पट्टा बहुतेक वेळा वेगळा उठून दिसतो. पाणी त्याच गाळात साचतं आणि गंज तिथूनच लागतो. चंदेरी पेंटवर कॅमेरा फसतो, टाकीऐवजी आभाळाचं प्रतिबिंब दाखवतो. वरपासून खालपर्यंत काळ्या इलेक्ट्रिकल टेपची एक उभी पट्टी चिकटवा आणि तिच्यावरचंच तापमान वाचा.

सकाळी ऊन चढायच्या आत गेज लावा. गेजचं झीरो एसीच्या खोलीत सेट करून येऊ नका. स्टेप ब्लॉक, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पायऱ्यांचा ठोकळा, अर्धा तास टाकीच्या सावलीत ठेवा, मगच कॅलिब्रेट करा. प्रोबच्या तोंडाशी प्लॅस्टिकचा थर असतो, तो तापला की झीरो सरकतं. प्रोब आणि पत्र्यामध्ये हवा राहू नये म्हणून जे लावतात, त्या कपलंटच्या जागी ग्रीस चालतं. उभ्या पत्र्यावर पातळ जेल ओघळून जातं.

गाळाच्या पट्ट्यात हातभर अंतरावर जागा घ्या. प्रत्येक जागी प्रोब एकदा उभा, एकदा आडवा फिरवा आणि लहान आकडा लिहा. सरासरी काढू नका; टाकी गळते ती सर्वांत पातळ जागी. आकडे २, १.६, १.२ असे उतरत येऊन मध्येच १.९ दिसला तर खूश होऊ नका. प्रोबच्या मर्यादेखाली पत्रा गेला की गेज दुप्पट दाखवतं.

निघताना खरवडलेल्या जागी रेड ऑक्साइड लावूनच या. नाहीतर पावसाळ्यानंतर तिथलं रीडिंग तुमच्याच कृपेने उतरलेलं असेल.